श्रमांचें मोजमाप

हल्लीं पुष्कळांच्या मनगटावर दिवसभराचीं पावलें मोजणारें यंत्र दिसूं लागलें आहे. रात्रीं निजतेवेळीं आज किती पावलें झालीं, हें पाहण्याचा परिपाठ सुशिक्षित घरांतून पडत चालला आहे. परिपाठ चांगलाच आहे. परंतु या यंत्राचा आकडा काय सांगतो व काय सांगत नाहीं, याचा विचार फारसा होत नाहीं. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या यंत्राच्या पोटांत एक अतिसूक्ष्म भार नाजूक स्प्रिंगांवर तोललेला असतो. धावत्या मोटारीस एकाएकीं ब्रेक लागला म्हणजे आपण जसे पुढें झुकतों, तसाच शरीराच्या प्रत्येक हालचालीबरोबर हा भार किंचित् सरकतो. तें सरकणें विजेच्या साह्यानें तीन दिशांनीं, सेकंदास कित्येक वेळां टिपलें जातें. हालचाल जितकी जोराची, तितका आकडा मोठा.

शास्त्रज्ञांस मात्र हवे असतात ते श्रम. त्यांचें खरें माप प्राणवायूवर होतें. स्वस्थ बसलेलें शरीर दर किलो वजनामागें मिनिटास सुमारें ३.५ मिलिलिटर प्राणवायु वापरतें, असें धरून त्यास एक ‘मेट’ म्हणतात. ३ ते ६ मेटांचें काम मध्यम व त्यापुढील जोराचें, असा संकेत आहे. हालचालीवरून हे श्रम ताडण्यासाठीं अमेरिकेंत पॅटी फ्रीडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ५० तरुण स्त्रीपुरुषांच्या कमरेस यंत्र बांधून त्यांस फिरत्या पट्ट्यावर चालविलें आणि पळविलें. मिनिटास १९५२ हा आकडा गांठला म्हणजे मध्यम श्रमांस आरंभ झाला, असें त्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलें. हें माप पुढें जगभर वापरलें गेलें.

आतां तेंच यंत्र बुलढाणा जिल्ह्यांतील एखाद्या कापूस वेंचणाऱ्या बाईच्या कमरेस बांधलें आहे, अशी कल्पना करावी. ती दिवसभर उन्हांत वाकून तासामागून तास बोंडें वेंचते. ओटींतला कापूस वाढत जातो, पाठ भरून येते. परंतु तिचे हात चालतात, कंबर फारशी हलत नाहीं; यंत्राच्या लेखीं ती जवळजवळ स्वस्थ उभी आहे! डोक्यावर दोन हंडे घेऊन ती निघाली, तर पाणी हिंदकळूं नये म्हणून अंग सांवरून चालते. यंत्र पावलें मोजतें, हंड्यांचें वजन त्यास कळत नाहीं. सरपणाची मोळी घेऊन राजूरचा घाट चढणारीचीही तीच गत. याच्या उलट, मनगटावरील यंत्र घरांत पोळ्या लाटतांनाही एखादे वेळीं पावलें मोजीत बसतें.

यावरून यंत्र खोटें, असें मात्र कोणी समजूं नये. चालणें तें बरें मोजतें. शेगांवहून श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढीसाठीं पंढरपुरास पायीं जाते. वाट ७०० किलोमीटरांहून अधिक, आणि काळ सुमारें एका महिन्याचा. पाऊल दोन फुटांचें धरलें, तरी वारकऱ्याचीं रोजचीं सरासरी पावलें ३५,००० च्या वर भरतात. आपल्याकडे पूज्य मानला गेलेला दहा हजारांचा आकडा याच्यापुढें किरकोळच. शिवाय तो आकडा मुळांत १९६५ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नांवांतून रूढ झाला. अमेरिकेंतील १६,००० हून अधिक वृद्ध स्त्रियांच्या २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, रोज सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्यांतही मृत्यूचें प्रमाण सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांहून कमी आढळलें. ७,५०० च्या सुमारास हा लाभ वाढावयाचा थांबला. घरांतील आजी-आजोबांनीं दहा हजारांचा ध्यास धरून कष्टी होण्याचें कारण नाहीं.

खरा मुद्दा पुढेंच आहे. महाराष्ट्रासह देशाच्या चार विभागांतील १४,२२७ लोकांस विचारून केलेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत शेंकडा ५४.४ लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. या लोकांना ‘चाला’ म्हणून सांगणें योग्यच. पण पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास झाला, त्यांत घरचें व शेतीचें काम अधिक करणाऱ्या मातांचीं अर्भकें सरासरीनें लहान भरलीं. तेथेंही प्रश्न विचारूनच श्रमांचा अंदाज केला होता. त्या मातांस हवी होती ती विश्रांति आणि पोटभर अन्न. एकच मोठा आकडा एका घरीं आरोग्याची खूण ठरेल व दुसऱ्या घरीं अतिश्रमाची. आणि कापूस वेंचणारीच्या बाबतींत तर तो लहान दिसून तिचे कष्टच झांकून टाकील. म्हणून यंत्राबरोबर कोणतें काम, किती ओझें, किती चढ व जेवण काय, हें विचारल्यावांचून मोजमाप पुरें होत नाहीं.

बैठा व्यवसाय असणाऱ्या आमच्या वाचकांस इतकेंच सुचवावयाचें कीं, पावलांपेक्षां मिनिटांकडे लक्ष द्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम सांगितले आहेत. चालतांना बोलतां यावें, परंतु गाणें म्हणतां येऊं नये, ही त्याची सोपी परीक्षा; तिला यंत्रही लागत नाहीं. आणि भांडीं घासावयास येणारी बाई गरोदर असेल, तर ‘कामानें व्यायामच होतो’ असें म्हणून तिचीं कामें वाढवूं नयेत; जड बादल्या आपण उचलाव्या, तिला घटकाभर बसवून कांहीं खावयास द्यावें. सुशिक्षित कुटुंबांतून एवढें घडलें, तरी पुष्कळ झालें.