समीकरणांतील अंक आणि न्हाणीघराची खिडकी

शाळेंत रसायनशास्त्र शिकलेल्या बहुतेकांना समीकरणें आठवतात, पण तीं आठवतात तीं एक रुक्ष कसरत म्हणून. डावीकडचे अणु उजवीकडच्या अणूंइतके झाले कीं गणित सुटलें! त्या समीकरणांत पदार्थांच्या आधीं जे लहानसे अंक मांडलेले असतात, ते काय सांगतात, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. वास्तविक समीकरणाचा सारा अर्थ त्या अंकांत सांठविलेला असतो. आणि प्रसंगीं माणसाचा जीवहि त्यांवर अवलंबून असतो. तें कसें, हें आज पाहूं.

पूजेच्या विड्याला दोन पानें व एक सुपारी लागते. घरांत दहा पानें आणि दहा सुपाऱ्या असल्या, तर विडे पांचच होतील व पांच सुपाऱ्या उरतील. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, हें प्रमाण संख्येचें आहे, वजनाचें नव्हे. दोन पानें एका सुपारीच्या दुप्पट वजनाचीं असतात, असें कोणी म्हणणार नाहीं. दुसरी ही कीं, प्रमाणाच्या मानानें जो जिन्नस आधीं संपतो, तोच विडे किती व्हावयाचे हें ठरवितो. संतुलित समीकरण म्हणजे असाच हिशेब होय. पानसुपारीच्या जागीं तेथें रेणु असतात, इतकेंच.

आपल्या स्वयंपाकघरांतील सिलिंडरमध्यें मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन हे दोन वायु दाबानें द्रवरूप करून भरलेले असतात. त्यांतला प्रोपेन घेऊं. त्याच्या एका रेणूंत कार्बनचे ३ व हायड्रोजनचे ८ अणु असतात. तो पुरता जळला म्हणजे तीन कार्बन डायॉक्साइडचे व चार पाण्याचे रेणु होतात. तिघांना प्राणवायूचे सहा अणु लागले, चौघांना चार; एकूण दहा. प्राणवायूच्या रेणूंत दोन अणु असतात, म्हणून रेणु लागले पांच. एकास पांच, आणि त्यांतून तीन व चार: हेंच तें प्रमाण.

पण रेणु मोजावयाचे कसे? ते इतके सूक्ष्म कीं एकेक मोजणें अशक्य. म्हणून शास्त्रज्ञांनीं ‘मोल’ हें माप योजिलें. आपण जसें डझन म्हणतों तसेंच हें. मात्र ही संख्या ६०२२ वर वीस शून्यें मांडल्यावर होईल, जवळजवळ तेवढी आहे. २०१९ सालापासून ती आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें कायमची निश्चित झाली आहे. या मापाची सोय अशी कीं, रेणुभार जितका, तितके ग्रॅम वजन घेतलें कीं एक मोल होतो. प्रोपेनचा मोल ४४ ग्रॅमचा, प्राणवायूचा ३२ ग्रॅमचा. तेव्हां ४४ ग्रॅम प्रोपेनला पांच मोल, म्हणजे १६० ग्रॅम प्राणवायु हवा. निष्पन्न होतात १३२ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड व ७२ ग्रॅम पाणी. दोन्ही बाजूंची बेरीज २०४! रेणूंची संख्या सहाची सात झाली, पण वजन रतीभरहि हललें नाहीं. याच हिशेबानें १४.२ किलोंचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारें ५१ किलो प्राणवायु हवेंतून खर्ची पडतो. आपण पैसे मोजतों ते इंधनाचे. त्याच्या साडेतीनपट वजनाचा माल हवा फुकट पुरविते.

वायूंच्या बाबतींत आणखी एक सोय आहे. वायु ठराविक आकारमानांतच परस्परांशीं संयोग पावतात, हें फ्रान्समध्यें गे-ल्यूसाक यांनीं १८०८ सालीं दाखविलें. सारख्या तपमानाला व दाबाला सारख्या आकारमानांत वायूंचे रेणुहि सारखेच असतात, असा त्याचा उलगडा इटलींतील आव्होगाड्रो यांनीं १८११ सालीं केला. म्हणून एक लिटर प्रोपेनला पांच लिटर प्राणवायु लागतो. आणि हवेंत प्राणवायु शेंकडा २१ च असल्यामुळें हवा जवळजवळ २४ लिटर लागते. ब्यूटेनला तर सुमारें ३१ लिटर.

आतां एवढी हवा मिळाली नाहीं तर? पांचाऐवजीं चारच रेणु प्राणवायूचे लाभले, तर हायड्रोजन आपले चार अणु घेतो असें धरूं. उरलेले चार अणु तिघां कार्बनांत वांटले जातात: एकाला दोन, दोघांना एकेक. ज्यांच्या वांट्याला एकेकच येतो, त्यांचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. प्रत्यक्ष ज्योतींत घडामोडी याहून गुंतागुंतीच्या असतात, काजळीहि धरते. पण मूळ हिशेब हाच. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि माणूस हवेंत बसूनहि गुदमरतो.

सहा घनमीटरांचें न्हाणीघर घ्या. त्यांत प्राणवायु सुमारें १२६० लिटर. दारें-खिडक्या घट्ट लावून तेथें गॅसच्या बंबांत ११० ग्रॅम, म्हणजे अडीच मोल प्रोपेन जाळला. साडेबारा मोल प्राणवायु गेला. नेहमींच्या तपमानाला एका मोलाला सुमारें २४ लिटर जागा लागते. म्हणजे ३०० लिटर गेले. शेंकडा २१ चे १६ वर आले! ज्योत तर याच्या आधींपासूनच अपुरी जळूं लागते. थंडीच्या दिवसांत बंद न्हाणीघरांतून मृत्यूच्या बातम्या येतात, त्यांच्या मुळाशीं पुष्कळदां हेंच गणित असतें.

म्हणून गॅसचा बंब न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा. आंत असेल तर जळलेला वायु बाहेर नेणारी नळी व हवेचा झरोका यांवांचून तो पेटवूं नये. निळी ज्योत पिवळी होऊं लागली तर बंब बंद करून जाणत्याकडून तपासून घ्यावा. स्नान करतांना डोकें दुखूं लागलें, चक्कर आली वा मळमळूं लागलें, तर थकवा समजून बसून राहूं नये. तत्काळ मोकळ्या हवेंत यावें व वैद्यकीय मदत घ्यावी. गळलेल्या गॅसला ओळखतां यावें म्हणून मुद्दाम घातलेला उग्र वास येथें उपयोगी पडत नाहीं, कारण तो ज्योतींत जळून गेलेला असतो. एकास पांच हें प्रमाण पाळलें जाण्याची व्यवस्था आपल्यालाच करावयाची आहे. आणि ती करण्यास बहुधा एक उघडी खिडकी पुरते असें मानून न थांबतां, बंबच बाहेर ठेवणें अधिक शहाणपणाचें.