पडलेल्या दाताची मोकळी जागा

दाढ काढली की दुखणे संपले, असे आपण समजतो. मीही तसेच समजलो आणि खालच्या दाढेची जागा सात वर्षे मोकळी ठेवली. खर्च वाचला, एवढाच हिशेब बँकेतल्या माणसाने केला! पण दात गेला की तिथल्या हाडावर चावण्याचा दाब पडत नाही व ते हळूहळू झिजते. शेजारचा दात मोकळ्या जागेकडे कलतो, वरचा खाली उतरतो. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी एकाच बाजूने चावायची सवय लागते.

यावर इम्प्लांट हा उपाय आहे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवतात व त्यावर कृत्रिम दात चढवतात. हाड या धातूला घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर प्रयोग करताना योगायोगाने दिसले. हाडात बसवलेले उपकरण काही केल्या निघेना! १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले.

हाड व स्क्रू एकजीव होण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. साखर आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर स्क्रू न धरण्याचा धोका वाढतो. मिश्रीही तंबाखूच. आपल्या आयाबहिणी तिला दात घासण्याचे साधन मानतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

मी गेलो तेव्हा हाड पुरेसे उरले नव्हते. आधी हाडाची भर घालावी लागणार होती. तो खर्च झेपेना. शेवटी ब्रिज बसवला. त्यासाठी शेजारचे दोन निरोगी दात घासावे लागले.