पोटफाड्या गवत

उसाच्या फडातून कधी उघड्या हातांनी पळालाय? बाहेर आल्यावर हातांवर बारीक लाल रेघा उमटलेल्या असतात आणि घाम लागला की त्या कशा चुरचुरतात! ऊससुद्धा एक गवतच, बरं का. त्याचं असंच कापणारं एक लांबचं भावंड उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरी नावाच्या गवताळ मैदानांत, ओलसर खोलगट जागी वाढतं. त्याचं नाव प्रेअरी कॉर्डग्रास. पण तिथे नव्याने शेती करायला आलेल्या लोकांनी त्याला काय म्हणावं? पोटफाड्या!

याच्या पात्याच्या कडेला करवतीसारखे इवले दात असतात, सगळे शेंड्याकडे वळलेले. बुडाकडून शेंड्याकडे बोट फिरवलं तर काही होत नाही. उलटं फिरवलं की चिरलंच! गवतं जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतात. वाळू आणि काच जिच्यापासून बनते, तीच ही सिलिका. म्हणून तर पातं इतकं धारदार.

उंची सात-आठ फूट. पण मला खरं नवल वाटतं ते जमिनीखालचं. नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर प्रेअरीत माणूस बुडेल एवढे चर खणायचे आणि गवतांची मुळं हलक्या हाताने मोकळी करून त्यांची चित्रं काढायचे. या गवताची मुळं 8 फुटांच्याही खाली गेलेली त्यांना सापडली! म्हणजे वर जेवढं गवत, तेवढंच खाली.

पण चिखलात मुळांना हवा कुठून मिळणार? मुळांच्या आत पोकळ वाटा असतात, त्यांतून हवा वरून खाली उतरते. शिवाय आल्या-हळदीसारखी आडवी खोडं मातीत पसरून एकमेकांत गुंतलेली असतात. हिवाळ्यात बर्फाखाली वरचं सगळं वाळून जातं, ही खोडं मात्र जिवंत राहतात आणि वसंतात त्यांतूनच टोकदार कोंब वर येतात.

आता उंच गवताची ती प्रेअरी 4 टक्केही उरलेली नाही. बाकीची बहुतेक नांगराखाली गेली.

त्याआधी तिथल्या ओमाहा लोकांची घरं मातीची असत, छतसुद्धा मातीचंच! लाकडी सांगाड्यावर हे गवत अंथरायचं आणि त्यावर माती चढवायची. आणि आत मुलं या पोटफाड्याच्या छताखाली झोपायची.