एलएलबीत एक विषय राहिला, आता वकिलीचे काय?

निकाल लागला, बाकी सगळे विषय सुटले आणि एका विषयापुढे ‘नापास’ दिसले. घरात कोणी वकील नसेल, तर पुढचे विचारायचे कुणाला? घाबरून जाण्याआधी फरक कुठे पडतो आणि कुठे नाही, ते समजून घ्या.

सनद मिळेल का?

मिळेल. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 नुसार सनदेसाठी कायद्याची मान्यताप्राप्त पदवी लागते. ती कितव्या प्रयत्नात मिळवली, याची अट त्यात नाही. त्यानंतरची ऑल इंडिया बार परीक्षाही पुन्हा देता येते. मात्र विषय सुटल्याशिवाय पदवी नाही आणि पदवीशिवाय सनद नाही.

फरक कुठे पडतो?

मोठ्या लॉ फर्म कॅम्पसमध्ये येतात, तेव्हा गुणांसोबत राहिलेले विषयही पाहतात. परदेशात एलएलएम करायचे असेल, तर संपूर्ण गुणपत्रिका द्यावी लागते. न्यायाधीश व्हायचे असेल, तर वेळेचा हिशोब महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान 3 वर्षांची वकिली आवश्यक ठरवली. पदवी 6 महिने लांबली, तर ही 3 वर्षेही तेवढीच उशिरा सुरू होतात.

आता काय कराल?

• विद्यापीठात सोय असेल, तर मुदतीच्या आत उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. पाठांतर कमी पडले की मांडणी, ते पाहा. कायद्याच्या उत्तरात नुसते कलम लिहून भागत नाही. ते दिलेल्या प्रसंगाला कसे लागू होते, हे लिहावे लागते.

• जुने पेपर घड्याळ लावून सोडवा आणि प्राध्यापकांकडून तपासून घ्या.

• इंटर्नशिप सोडू नका. जिल्हा न्यायालयातल्या वकिलांकडे अर्ज आणि नोटीस लिहायला शिकलात, तर मुलाखतीत दाखवण्यासारखे काही हाती असेल.

• बायोडेटात नापास विषय लपवू नका. विचारल्यास दोन वाक्यांत सांगा: काय चुकले आणि नंतर काय केले.

आईवडिलांनो, हे तुमच्यासाठी

‘एवढी फी वाया गेली’ असे ऐकायला मिळेल, या भीतीने मुले निकाल लपवतात. त्यात फेरपरीक्षेच्या फॉर्मची मुदत निघून जाते आणि एका विषयापायी वर्ष जाते. म्हणून निकाल कळल्यावर मुलांना आधी एवढेच विचारा, ‘फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?’