पावसाळ्यात उभी राहणारी गाडी : मोटारसायकल, ट्रॅक्टर व ट्रॉली यांची निगा



गळीत हंगाम संपला की शेवटची खेप काट्यावर टाकून ट्रॅक्टर घरी येतो. टोळ्या आपापल्या गावी परततात. बैलगाडीवाले बैलांना पेंड चारून चार दिवस विसावा देतात. ट्रॅक्टर उन्हाळी मशागतीपुरता फिरतो. एकदा मृग निघाला आणि काळ्या रानात चिखल झाला, की तोही वस्तीवर लिंबाखाली उभा राहतो. ट्रॉली तर एप्रिलपासूनच उभी असते. मोटारसायकलींचेही तसेच आहे. कोणाचा मुलगा सैन्यात असतो, कोणाचा पुण्या-मुंबईला नोकरीस, आणि त्याची गाडी पडवीत महिनोन्‌महिने टेकून ठेवलेली असते.

बैल उभा राहिला तर ताजातवाना होतो. गाडीचे तसे नाही. ती उभी राहूनही झिजते, आणि पावसाळ्यात जास्तच. याच काळात आपला कारखाना गिरण्या उघडतो, रोलर, बेअरिंगे, पंप तपासतो आणि मगच दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवतो. आपल्या अंगणातल्या यंत्राला मात्र आपण देवाच्या हवाली करतो. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी काय करावे, आणि ते का करावे, याविषयी हे चार शब्द.

नुकसान होते कसे?

थंड मुलुखात लोक मोटारसायकली हिवाळ्यात बंद करून ठेवतात. तिथे भीती बर्फाची. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनचा ब्लॉक चिरतो. आपल्याकडे हिवाळा म्हणजे ऐन तोडणीचा काळ. आपली गाडी उभी राहते ती पावसाळ्यात, आणि आपला शत्रू म्हणजे दमट हवा.

दिवसा तापलेली टाकी रात्री गार होते. आतल्या मोकळ्या जागेतील हवेत असलेली वाफ पत्र्याला लागून तिचे पाणी होते. पाणी तळाशी बसते आणि तिथे गंज धरतो. सिलिंडरमध्येही तसेच. पिस्टनच्या रिंगा गंजाने धरल्या की इंजिन जाम झालेच म्हणून समजा. शिवाय हंगामभर वापरलेल्या काळ्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्ले आणि ओल असते. ते चार-पाच महिने बेअरिंगांना लागून राहिले तर त्यांचा पृष्ठभाग खातात. म्हणून ऑइल बदलायचे ते गाडी पुन्हा काढताना नव्हे, उभी करण्यापूर्वी. पुष्कळ जण नेमके उलटे करतात.

मोटारसायकल

प्रथम गाडी स्वच्छ धुवावी आणि उन्हात पूर्ण वाळवावी. मडगार्डच्या आत अडकलेला चिखल ओल धरून ठेवतो, तो काढावा. नंतर आठ-दहा किलोमीटर चालवून इंजिन गरम करावे, गरम असतानाच जुने ऑइल काढावे आणि नवे भरून दोन मिनिटे इंजिन फिरवावे.

चेन घासलेटने पुसून ९० नंबरचे ऑइल द्यावे. क्लच व ब्रेकच्या वायरींत दोन-दोन थेंब तेल सोडावे. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल ओतावे, प्लगची वायर बाजूला ठेवून किल्ली बंद असताना किक चार-पाच वेळा हळू मारावी आणि प्लग परत बसवावा. एवढ्याने सिलिंडरला आतून तेलाचा हात फिरतो. ज्यांच्या गाडीला किक नाही त्यांनी हे काम मेस्त्रीकडून करून घ्यावे.

गाडी मधल्या स्टँडवर, फळीवर घ्यावी. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवावी. सायलेन्सर गार झाल्यावर तोंडाला पिशवी बांधावी, म्हणजे उंदीर व कुंभारीण माशी आत घर करणार नाहीत.

एक सवय मात्र सोडावी. रोज सकाळी दोन मिनिटे गाडी चालू करून बंद करणे, हे काही निगा राखणे नव्हे. इंजिन पुरते तापत नाही, जळणातून झालेले पाणी सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्येच राहते, आणि स्टार्टरने खाल्लेली बॅटरी भरून येत नाही. चालवायची तर वीस-पंचवीस मिनिटे चांगली चालवावी, नाही तर अजिबात हात लावू नये.

पेट्रोल आणि आपलेच इथेनॉल

पूर्वी पेट्रोल म्हणजे नुसते पेट्रोल असे. जून २०२२ मध्ये देशात १० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले, आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. या इथेनॉलचा काही वाटा उसातून येतो. त्यात आपल्या घामाचा दाम आहे, म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे.

इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. थोडे पाणी ते आपल्यात सामावून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनला जळण जाते ते तळातूनच. मग गाडी कशी सुरू होणार? रोज फिरणाऱ्या गाडीत ही वेळ येत नाही, कारण पेट्रोल संपत जाते व ताजे भरले जाते. गाडी उभी राहते तिथेच ही अडचण येते.

उपाय सोपा आहे. लोखंडी टाकी ताज्या पेट्रोलने भरून ठेवावी. मोकळी जागा कमी, तेवढी दमट हवा कमी. झाकणाचे रबर तडकले असेल तर बदलावे. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे आणि कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल काढावे. हे काम उघड्यावर करावे, चूल व विडी दूर ठेवावी. वाटीत पेट्रोल राहिले तर ते उडून जाते आणि मागे राहिलेल्या चिकट थराने जेटचे बारीक भोक बुजते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचे रबर २० टक्के इथेनॉल धरून केलेले नाही, म्हणून त्यांच्या नळ्या फुगल्या वा मऊ पडल्या आहेत का, हे पाहावे.

बॅटरी

नुसती पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरते. उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर कठीण थर बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. म्हणून बॅटरी सोडवून घरात कोरड्या जागी ठेवावी. सोडताना आधी निगेटिव्ह वायर, मग पॉझिटिव्ह. जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. पाण्याची बॅटरी असेल तर खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे वा नळाचे नव्हे. टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. महिन्यातून एकदा चार्ज करावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ दाखवते. १२.४ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावावी. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा खिडकी उघडी असावी.

ट्रॅक्टर व ट्रॉली

ट्रॅक्टर उभा करताना डिझेलची टाकी भरलेली असावी आणि फिल्टरच्या भांड्यातील पाणी काढलेले असावे. डिझेल पंपाचे आतले भाग अत्यंत बारीक मापाचे असतात. पाण्याचा थेंब तिथे गंजला की पंप खोलावा लागतो, आणि ते खर्चाचे काम आहे. उभ्या सायलेन्सरवर डबा पालथा घालावा, नाही तर पावसाचे पाणी थेट इंजिनात उतरते. रेडिएटरमध्ये कुलंट असावे. साधे पाणी असेल तर काढून टाकावे आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी.

क्लचकडे विशेष लक्ष द्यावे. दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. काही ट्रॅक्टरना पॅडल दाबून अडकवण्याची सोय असते, नसेल तर लाकडी ठोकळा लावून पॅडल दाबलेले ठेवावे. लिफ्टचे हात खाली सोडावेत. हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेकचे लाइनर चिकटतात. चाकांना पुढून-मागून उटी लावावी.

ट्रॉलीतील पाचट झाडून काढावे. पाचटात ओल राहते, उंदीर वाढतात आणि ठिणगी पडली तर आग लागते. उसाचा रस पत्र्यावर आंबून आम्ल होतो, म्हणून ट्रॉली धुवून वाळवावी आणि उघड्या लोखंडाला रंग अथवा जुने ऑइल लावावे. सर्व निपलांना ग्रीस द्यावे. ॲक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार कमी करावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली कोणीही जाऊ नये.

जागा कोणती?

गाडी गोठ्यात लावू नये. शेण-मुताच्या वाफेतील अमोनिया तांब्या-पितळेच्या वायरी व जोड खातो. खतांच्या पोत्यांजवळही लावू नये, खत ओल ओढते व लोखंड खाते. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तर आत घाम धरतो. वर पत्रा वा ताडपत्री आणि बाजूंनी वारा, हे उत्तम.

पुन्हा काढताना

खंडेनवमीला गाडी पुजायची तर आधी पंधरा दिवस ती तपासावी. पिशव्या, डबे, ठोकळे काढले का? टायरची हवा, ब्रेक, दिवे, ट्रॉलीची हूक पिन आणि मागचे रिफ्लेक्टर पाहावेत. विमा व पीयूसीची मुदतही बघून घ्यावी. पिन झिजली असेल तर त्याच दिवशी बदलावी. ऊस भरलेली ट्रॉली चढावर सुटली, किंवा रात्री बिनदिव्याची रस्त्यात उभी राहिली, तर काय होते हे सांगायला नको.

मोळी टाकण्याच्या दिवशी ट्रॅक्टर चालू झाला नाही, तर टोळी बसून राहते आणि उचल मात्र अंगावर चढत जाते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला गेला पाहिजे. फडात पडून राहिला की वजन घटते, साखर घटते. वजनाचा तोटा एका सभासदाचा, पण उताऱ्याचा तोटा आपणा सर्वांचा. गाडी नीट उभी करायला एक दिवस आणि थोडे ऑइल-ग्रीस लागते. तेवढे मृगाच्या आधी करावे, एवढेच सांगणे.

आपला,
ऊस विकास अधिकारी