सात तारीख आणि चिटबॉयचा फोन

आमच्या शेडवर पगार सात तारखेला होतो. बाकीच्या नियमांना सवलत असते, याला नाही. गिऱ्हाइकाचं बिल तीन-तीन महिने अडकतं. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण आमच्या वसाहतीत त्याचं नाव काढलं की लोक हसतात. तो घोर माझा आणि बँकेचा. कामावरच्या पोरांच्या घरी दूधवाला, भिशी, ट्रॅक्टरचा हप्ता सात तारीख धरून बसलेले असतात. तारीख एकदा हुकली की मालक नंतर कितीही गोड बोलला तरी ते कानावरून जातं.

पलूसच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. पंपाची कास्टिंगं येतात, ती लेथवर आणि सीएनसीवर मशिनिंग करून देतो. माणसं सांभाळायची कशी, हे सांगायला अधूनमधून पुण्याहून ट्रेनर येतात, पडद्यावर पिरॅमिड दाखवतात. चहा चांगला असतो. पण आम्हाला शिकायला शेजारीच किर्लोस्करवाडी आहे.

ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथे हक्काची बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरले, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. तिथली जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगलीत. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज मिळालं. माळावर निवडुंग आणि नाग. १९१० साली तिथे २५ कामगार बायकापोरांसह राहायला आले.

ते का आले असतील, याचा मी पुष्कळ विचार करतो. माझं उत्तर असं, की मालकाचं बिऱ्हाडही त्याच माळावर आलं होतं. त्यांच्या घराला नागांची भीती, तीच मालकाच्या घराला. पुढे लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटलेल्यांना रात्रीचे पहारेकरी नेमलं आणि वाडीत शिवाशिव पाळू दिली नाही. याच संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत निघाली, ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा तिच्यावरूनच सुचलेला. माणसावर आधी विश्वास टाकायचा आणि मग हिशेब बघायचा, ही या भागाची जुनी खोड म्हणा ना.

मला गाव वसवता येणार नाही. पण माझ्या पोरांचं गाव काय करतं, ते बघता येतं. निम्म्यांच्या घरी थोडीफार द्राक्षबाग, उरलेल्यांचा ऊस. ऑक्टोबर छाटणीला दांड्या पडणारच. पूर्वी आम्ही खाडे मांडत बसायचो. आता सप्टेंबरात सगळे बसून ठरवतो, कोणाची छाटणी कधी, कोण कोणाची शिफ्ट ओढणार. ऊसतोडीचं मात्र ठरवता येत नाही. साखर कारखान्याच्या चिटबॉयचा फोन रात्री दहाला येतो आणि सकाळी टोळी फडात हजर. अशा वेळी ‘आधी का नाही सांगितलं’ म्हणणारा मालक शेतकऱ्याच्या पोटचा नसावा.

जॉब रिजेक्ट झाला की चारचौघांत बोलायचं नाही. ड्रॉइंग आणि तुकडा घेऊन ऑफिसात बसायचं, मायक्रोमीटर ज्याने जॉब केला त्याच्याच हातात द्यायचा. चूक त्यालाच सापडते. कधीकधी ड्रॉइंगच चुकीचं निघतं.

शनिवारी शिफ्टनंतर हेल्परना ड्रॉइंग वाचायला शिकवतो. यावर साताऱ्याचा एक उद्योजक मित्र मला हसतो. त्याचं म्हणणं, शिकवलं की पोरगं शिरवळला नाही तर चाकणला पळतं. पळतं, खरं आहे. माझीही गेली. दोघांनी तर इथेच स्वतःची शेड टाकली, त्यातल्या एकाकडे मी आता जादा काम पाठवतो. आणि न शिकवलेला हेल्पर दहा वर्षं तसाच राहिला, तर त्याच्या हातून जाणारा माल कोण मोजतो? मित्राला हे पटत नाही. त्याच्याकडे माणसं मात्र सतत नवी असतात.

सध्या वाद मोबाईलचा आहे. मशीन चालू आणि कानाला फोन, यात बोट जायला वेळ लागत नाही. मी बंदीचा कागद लावणार होतो, सुपरवायझर म्हणाला, पोरांनाच ठरवू द्या. त्यांनी ठरवलं : फोन दाराजवळच्या ट्रेमध्ये, घरचा असेल तरच उचलायचा, तोही मशीन बंद करून. नियम मालकालाही लागू. तेव्हापासून शॉपमध्ये असलो की माझा फोन ट्रेमध्ये वाजत राहतो आणि मुंबईचं एक गिऱ्हाईक माझ्यावर रोज चिडतं.