मकबरा नेमका कुणी बांधला? सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक छोटा सराव

मित्रांनो, नांदेड-लातूरकडच्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहिलाय. 'आझमशहाने आईच्या स्मरणार्थ १६५१ ते १६६१ या काळात बांधला' हे वाक्यही कुठे ना कुठे वाचलं असेल. ते सिनॉप्सिसमध्ये तसंच उतरवण्याआधी तारखा शेजारी शेजारी मांडून बघा.

आझमशहाचा जन्म १६५३चा. आई दिलरस बानू बेगम वारली १६५७ मध्ये. म्हणजे १६५१ला आई हयात होती, मुलगा तर जन्मलाच नव्हता! १६६१ मध्येही तो जेमतेम आठ वर्षांचा. मग आदेश बाप औरंगजेबाचा असण्याची शक्यता जास्त. आझमशहाचा संबंध नंतरच्या कामाशी असू शकतो, पण त्याला वेगळा पुरावा हवा.

आता इमारतच वाचा. मुख्य दरवाजावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपत राय ही नावं आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी नाव जोडलेल्या उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा, म्हणून आराखडा ताजची आठवण देतो. संगमरवर मात्र भिंतीच्या खालच्या भागात आणि घुमटाला. मधला भाग काळ्या दगडाचा, वरून पांढरा गिलावा.

सांगायचं एवढंच, की तळटीप दिली म्हणजे विधान खरं ठरत नाही. तारखा ताडायला पाच मिनिटं लागतात. ती आज द्या, नाहीतर व्हायवात तोच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.